छंदांचे गणित

शनिवारची संध्याकाळ आहे. शाळेचा अभ्यास आटोपला आहे. खोलीच्या कोपऱ्यात उद्याच्या गडफेरीसाठी पाठीवरची पिशवी अर्धी भरून ठेवलेली आहे. तिच्याशेजारी चित्रकार्डांचा डबा उघडा पडला आहे, आणि मेजावर संगणकाचा पडदा उजळलेला आहे. या घरातील मुलास तिन्ही गोष्टी सारख्याच प्रिय आहेत. रात्रीचे अकरा वाजतात, तेव्हा पिशवी अर्धीच भरलेली असते, कार्डे जमिनीवर पसरलेली असतात आणि संगणकावर आरंभिलेले कामही पुरे झालेले नसते. दुसऱ्या दिवशी जाग उशिरा येते आणि गडाकडे जाणारी पहाटेची गाडी चुकते. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

म्हण खरी आहे. परंतु तिने प्रश्न सुटत नाही. तीन छंदांपैकी दोन टाकून द्यावेत, असा तिचा अर्थ घेतला तर मुलाचे मन हिरमुसते. आणि तिन्ही ठेवावेत, तर पुढच्या शनिवारी पुन्हा तीच गत होते. यासाठी प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. छंद पुष्कळ असले, तरी त्या सर्वांची भूक एका प्रकारची नसते. कोणी सबंध दिवस मागतो, कोणी पैसा मागतो, तर कोणी काहीच मागत नाही असे भासवून हळूच रात्र गिळून टाकतो.

डोंगर चढण्याचा छंद पाहावा. त्याची मागणी मोठी, पण सरळ आहे. पुण्याहून राजगड पाहावयास निघालेल्या माणसाला पहाटे उठावे लागते. गुंजवणे गावापासून चढण सुरू होते. चोर दरवाजाने पद्मावती माचीवर पोहोचावे, सुवेळा आणि संजीवनी या माच्या पाहाव्यात, जमल्यास बालेकिल्ला चढावा, आणि उजेड आहे तोवर खाली उतरावे, यात सबंध दिवस जातो. हा दिवस तुकड्यांनी देता येत नाही. अर्धा डोंगर रविवारी चढून उरलेला अर्धा मंगळवारी संध्याकाळी चढू, असे कोणास म्हणता येईल काय? पण याच छंदात एक मोठी सोय आहे. त्याला स्वतःचा लगाम आहे. सूर्य मावळू लागला की परतावेच लागते, पाय दुखू लागले की थांबावेच लागते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते आणि वाटा धुक्यात बुडतात; वैशाखात टाकी आटतात आणि उन्हाचा ताप सोसवत नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर आहे. तेथे वर्षातून एकदा जाऊन आलेला मुलगासुद्धा त्या एका दिवसाच्या आठवणी पुढे कित्येक महिने पुरवितो. असा हा छंद वर्षातील पुष्कळसे दिवस उपाशी राहतो आणि कुरकुर करीत नाही.

कार्डांच्या संग्रहाची गोष्ट निराळी आहे. त्याला सूर्यास्त नाही.

अशा चित्रकार्डांचा इतिहास बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सिगारेटच्या नाजूक पाकिटांना ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत असत. त्या कोऱ्या तुकड्यावर खेळाडू, नट, पक्षी, जहाजे यांची चित्रे छापावी, त्यांची मालिका करावी आणि प्रत्येक पाकिटात तिच्यातील एकच चित्र घालावे, ही युक्ती व्यापाऱ्यांना सुचली. मालिका पुरी व्हावी म्हणून गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा तेच पाकीट घेऊ लागले. ज्या वस्तूसाठी ही चित्रे छापली गेली, ती प्रकृतीला किती घातक आहे हे आज सर्वांस ठाऊक आहे. चित्रांची युक्ती मात्र त्या वस्तूपासून सुटून गोळ्या-चिकलेटच्या वेष्टनांत शिरली, आणि पुढे कार्डांचाच स्वतंत्र व्यापार उभा राहिला. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने 'मॅजिक' नावाचा कार्डांचा खेळ निर्माण केला. त्यात कार्डे जमवावयाची आणि त्यांनीच खेळावयाचे, असा दुहेरी आनंद होता. १९९६ साली जपानात पोकेमॉनची कार्डे निघाली. या सर्वांची पाकिटे बंद असतात. आत काय निघेल हे विकत घेतल्यावाचून कळत नाही.

येथे थोडा हिशेब करून पाहावा. एका मालिकेत ५० कार्डे आहेत, प्रत्येक पाकिटात एकच कार्ड निघते, आणि सर्व कार्डे सारख्याच संख्येने छापलेली आहेत, असे धरू. तर सर्व ५० जमण्यासाठी किती पाकिटे घ्यावी लागतील? पुष्कळ मुले ५० किंवा फार तर १०० असे उत्तर देतात. गणिताने निघणारे सरासरी उत्तर सुमारे २२५ आहे! आरंभी सारे सुखाचे असते. पहिली २५ निरनिराळी कार्डे सरासरी ३४ पाकिटांतच मिळून जातात. पुढे मात्र हातात असलेलीच कार्डे वारंवार निघू लागतात. ४९ कार्डे जमली आणि एकच उरले, की त्या एकासाठी आणखी सरासरी ५० पाकिटे फोडावी लागतात, कारण प्रत्येक वेळी ते निघण्याचा संभव पन्नासात एक एवढाच असतो. पाकीट दहा रुपयांचे असेल, तर केवळ शेवटच्या कार्डाची किंमत पाचशे रुपये झाली. शिवाय खऱ्या मालिकांत काही कार्डे मुद्दाम कमी छापतात. मग ही संख्या कितीतरी वाढते. आणि मालिका पुरी होते न होते तोच दुकानात नवी मालिका आलेली असते.

यावर जुना आणि उत्तम उपाय अदलाबदलीचा आहे. एकाकडे जे दुबार आहे ते दुसऱ्याला हवे असते. चार मित्र एकत्र बसले, की प्रत्येकाची उणीव थोड्या पैशांत भरून निघते, आणि बोलणे-बसणे होते ते वेगळेच. कोणती मालिका जमवावयाची आणि महिन्यास किती पैसे खर्चावयाचे, हे आधीच ठरविणारा मुलगा या छंदाला लगाम घालू शकतो. ज्याने हे ठरविले नाही, त्याच्या वतीने ते व्यापारी ठरवितो.

केवळ जमविणे म्हणजे संग्रह नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. अमेरिकेत जेफरसन बर्डिक नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. जन्म १९०० सालचा. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहरात विजेची उपकरणे बनविणाऱ्या एका कारखान्यात तो सुटे भाग जोडण्याचे काम करी. सांधेदुखीने त्याची बोटे हळूहळू आखडत चालली होती. लोक ज्या चित्रकार्डांना पोरखेळ समजत, ती त्याने लाखांनी जमविली; आणि त्यांना वर्गवार अक्षरे व अंक देऊन १९३९ साली त्यांची सूची छापली. तिच्यातून वाढलेल्या सूचीतील संकेतांनीच संग्राहक आजही जुनी कार्डे ओळखतात. पुढे त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास देऊन टाकला. तीन लाखांहून अधिक वस्तू! तेथे बसून, दुखऱ्या हातांनी, त्याने त्या एकेक करून वह्यांत डकविल्या. हे काम अनेक वर्षे चालले. १९६३ च्या जानेवारीत ते पुरे झाले, आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात तो वारला. बर्डिकने छंदांचा समतोल राखला असे म्हणता येणार नाही. त्याने एकाच छंदाला सारे देऊन टाकले. प्रत्येकाने असे करावे असे नाही. परंतु त्या वह्या पाहणारा कोणीही त्याला नावे ठेवणार नाही.

आता संगणक. घरात बसून संगणकाशी खेळण्याचा छंद फार जुना नाही. १९७५ च्या आरंभी अमेरिकेतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर 'आल्टेअर ८८००' या यंत्राचे चित्र आले. सुटे भाग मागवून ते घरी जोडता येत असे. त्याला पडदा नव्हता, अक्षरांची कळफळीही नव्हती. पुढच्या बाजूस खटके आणि लुकलुकणारे दिवे तेवढे होते. मूळ संचातील त्याची स्मृती २५६ बाइटांची होती; म्हणजे या परिच्छेदातील चार-दोन ओळीसुद्धा तीत मावल्या नसत्या. तरीही हौशी लोकांना त्याने वेड लावले. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क या गावी एका मोटारघरात अशा हौशी लोकांची पहिली बैठक भरली. तीत स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा एक तरुण होता. तो दिवसा एका मोठ्या कंपनीत गणकयंत्रांचे काम करी आणि उरलेल्या वेळात स्वतःचा संगणक रचीत असे. त्याने आपले आराखडे त्या मंडळात मोकळ्या मनाने वाटले. तोच संगणक १९७६ साली 'ॲपल' या नावाने विक्रीस आला.

वॉझ्नियाकच्या यंत्रात आणि आजच्या घरातील यंत्रात मोठा फरक आहे. त्या काळी संगणक चालू करणे हेच काम होते; काही केल्यावाचून तो काहीच दाखवीत नसे. आजचे यंत्र बसल्याबरोबर करमणूक पुढे करते, आणि एक खेळ संपताच दुसरा सुचविते. डोंगरावर पाय थकतात, कार्डांच्या दुकानात खिसा रिकामा होतो; येथे थांबविणारे बाहेरचे असे काहीच नाही. डोळे चुरचुरतात खरे, पण तोपर्यंत मध्यरात्र झालेली असते. आज काय करावयाचे, हे बसण्यापूर्वी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवणाऱ्याला ते काम संपल्यावर उठणे सोपे जाते. चिठोऱ्यावर काहीच लिहिले नसेल, तर संपले केव्हा हे कळावे तरी कसे?

तिन्ही छंदांची भूक अशी वेगवेगळी असल्यामुळे वस्तुतः त्यांच्यात भांडण होण्याचे कारण नाही. एकाला वर्षातील मोजके रविवार हवेत, दुसऱ्याला महिन्याचे थोडे पैसे, तिसऱ्याला ठरावीक संध्याकाळ. शनिवारी रात्री गाडी चुकते, ती तीन छंद असल्यामुळे नव्हे. संगणकाने डोंगराची पहाट खाल्ल्यामुळे. इतकेच नव्हे, तर छंद एकमेकांना मदतही करू शकतात. वर पाकिटांचा हिशेब दिला आहे. तो खरा की खोटा, हे संगणकालाच विचारता येते. एक ते पन्नास यांतून वाटेल तो आकडा यंत्राने काढावा, सर्व आकडे येईपर्यंत किती वेळा काढावे लागले ते मोजावे, आणि हेच हजार वेळा करून सरासरी घ्यावी, अशी आज्ञावली शाळकरी मुलालाही लिहिता येते. एका रुपयाचेही पाकीट न घेता त्याला हजार मालिका पुऱ्या करता येतात.

एका छंदाने प्रश्न विचारावा आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर द्यावे, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे थोर पंडित होते. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. भारतात परतल्यावर बनारस आणि अलीगढ येथे शिकवून १९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते. राहणे पुण्यास आणि काम मुंबईस, म्हणून त्यांचे येणेजाणे 'दख्खनची राणी' या गाडीने होत असे. त्यांचा व्यवसाय गणिताचा होता. नाणी, संस्कृत भाषा आणि डोंगरांतील भटकंती हे व्यवसायाबाहेरचे.

संख्याशास्त्राचा अभ्यास करताना कोसंबींना असे वाटले, की ते केवळ पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्षातील एखादा प्रश्न हाती घेऊन शिकावे. त्यांनी नाण्यांचा प्रश्न निवडला. रोजच्या व्यवहारातले नाणे हातोहाती फिरते. प्रत्येक वेळी ते किंचित झिजते. ही झीज इतकी सूक्ष्म असते, की एक नाणे तोलून काहीच सिद्ध होत नाही. परंतु एकाच सालची शेकडो नाणी तोलली, तर जुन्या सालच्या नाण्यांची सरासरी नव्यांपेक्षा कमी भरते. शिवाय त्यांच्या वजनांतील आपापसातला फरकही वाढलेला दिसतो. कोसंबींनी अशी हजारो नाणी एकेक करून तोलली. हे काम किती कंटाळवाणे असेल, याची कल्पना करावी! पण त्यातून एक कसोटी हाती आली. तक्षशिलेच्या उत्खननात चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. या नाण्यांवर सूर्य, टेकडी, वृक्ष, प्राणी अशी चिन्हे ठोकलेली असतात. राजाचे नाव नसते आणि साल तर नसतेच. मग त्यांतील जुने कोणते आणि नवे कोणते, हे ओळखावे कसे? काही नाण्यांच्या मागील बाजूस बारीक ठसे आहेत. ज्या नाण्यांवर असे ठसे अधिक, त्यांचे सरासरी वजन कमी, असे तराजूने दाखविले. म्हणजे नाणी वापरात असताना ती वेळोवेळी तपासून हे ठसे मारले जात असावेत. ज्या नाण्यांवर लेख नाही, त्यांनाही अशा रीतीने बोलते करता आले. याविषयीचा त्यांचा निबंध १९४० साली प्रसिद्ध झाला.

नाणी बोलू लागली, तेव्हा ती कोणी पाडली हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी जुने ग्रंथ पाहणे आले, आणि ग्रंथांसाठी संस्कृतचा कसून अभ्यास आला. त्या अभ्यासातून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती तयार झाली; ती १९४८ साली निघाली. तीतही गणिती मनुष्य लपत नाही. शेकडो हस्तलिखिते घेऊन कोणता श्लोक बहुतेक सर्वांत आढळतो आणि कोणता थोड्यांतच, हे त्यांनी मोजून पाहिले, आणि त्यावरून मूळचे कोणते व मागाहून शिरलेले कोणते यांचा विचार केला.

ग्रंथांनी सर्व प्रश्न सुटेनात, तेव्हा पाय कामास आले. पुण्यात त्यांचे घर भांडारकर संस्थेजवळ होते, आणि पलीकडेच वेताळ टेकडीची रांग. या टेकडीवर आणि पुण्याभोवतालच्या डोंगरांत हिंडताना त्यांना नखाएवढी, धार काढलेली दगडी हत्यारे सापडली. धातूचा शोध लागण्यापूर्वीच्या माणसांनी ती घडविलेली होती. अशी हत्यारे जेथे विपुल सापडत, त्या जागा कोठे आहेत याकडे ते लक्ष देऊ लागले. आणि गावाबाहेर, रानात एकट्या उभ्या असलेल्या देवींची व म्हसोबांची ठाणी पुष्कळदा त्याच जुन्या वाटांवर असल्याचे त्यांना आढळले. मेंढपाळ आपले कळप घेऊन ज्या वाटांनी आजही जातात, त्या वाटा ग्रंथांहून आणि नाण्यांहूनही जुन्या असाव्यात, हा विचार चालल्यावाचून सुचला नसता. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९६२ साली या देवस्थानांविषयीचे लेख पुस्तकरूपाने आले. एका गणितज्ञाने लिहिलेला इतिहास आज इतिहासाचे विद्यार्थी अभ्यासतात.

म्हणून त्यांना सर्वच ठिकाणी यश आले, असे मात्र समजू नये. गणितातील रीमान यांच्या एका प्रसिद्ध आणि अतिशय कठीण प्रश्नाचे उत्तर सापडल्याचे त्यांनी मांडले होते. ते तज्ज्ञांच्या कसोटीस उतरले नाही. त्यांच्या इतिहासातील काही मतांविषयीही विद्वानांत वाद आहेत. परंतु तराजू, पोथी आणि पायवाट ही तीन साधने एकाच माणसाच्या हाती आल्यामुळे जे दिसले, ते त्यांतले एकेकच बाळगणाऱ्यांना दिसले नव्हते, एवढे खरे.

कोसंबींचे निधन २९ जून १९६६ रोजी पुण्यास झाले. वेताळ टेकडीवर आजही पहाटे पुष्कळ माणसे फिरावयास जातात. पायवाटेवर बारीक खडे विखुरलेले असतात. बहुतेक नुसते खडेच. पण एखादा मुलगा वाकून त्यांतील एक उचलतो, उजेडाकडे धरतो आणि त्याची कडा बोटाने चाचपून पाहतो.